मागून येणारं घर आता गाडीतच: मोटरहोममधून स्कॉटलंड

गेल्या हिवाळ्यात आम्ही कॅराव्हॅन, म्हणजे कारमागं ओढायचं चाकांवरचं घर, विकली आणि वसंतात मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेलं घर, घेतलं. कॅराव्हॅन दोन लहान मुलांच्या एका जोडप्यानं नेली. ती चांगल्या हातात गेली याचं समाधान आहे, कारण इंग्लंडमध्ये आल्यापासूनच्या आमच्या बहुतेक सुट्ट्या तिच्यातच गेल्या.

विकण्यामागं पहिलं कारण म्हणजे ह्यांची पाठ. कॅराव्हॅन हलवायची म्हणजे वाकणं आलंच. हिच (कारला जोडायची कडी) जोडा, जॉकी व्हील (पुढचं आधाराचं छोटं चाक) वर घ्या, चारही कोपऱ्यांचे पाय हँडल फिरवून उचला, पाण्याचा ड्रम लोटत नळापर्यंत न्या आणि भरलेला परत आणा. दुसरं कारण मी. ह्यांनी इथली ड्रायव्हिंग टेस्ट १९९७ च्या आधी दिलेली, मी नंतर. १ जानेवारी १९९७ पासून लायसन्स मिळालेल्यांना आमच्याएवढी कॅराव्हॅन ओढायची तर वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ ला ती अट गेली, पण तोवर ओढायचं ह्यांनी आणि नकाशा धरायचा मी, हे घरात कायमचं ठरून गेलं होतं. मला गाडी चालवायला मनापासून आवडतं, आणि इतकी वर्षं लांबच्या प्रत्येक प्रवासात मी डावीकडच्या सीटवर बसून होते.

म्हणून मोटरहोम निवडताना एक आकडा आधीच पक्का होता: ३,५०० किलो. माझ्या लायसन्सवर तेवढंच चालतं. ह्यांना ७,५०० किलोपर्यंतची मुभा आहे, पण सत्तरीनंतर ती टिकवायला डॉक्टरी तपासणी लागते. दोघांनी आळीपाळीनं चालवायचं तर गाडी याच मर्यादेत हवी. फियाट डुकाटो व्हॅनवर बांधलेली, सहा मीटर लांबीची, आधी एकानं वापरलेली गाडी मिळाली.

निघायच्या आधी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेली. हे प्रत्येकानं करावं असं मी आग्रहानं सांगेन. कॅराव्हॅन असताना जड सामान कारच्या डिकीत जायचं, हलकं कॅराव्हॅनमध्ये. आता ते वाटून घ्यायला दुसरी गाडीच नाही. माणसं, पाणी, गॅस, खुर्च्या, तांदळाचा डबा, सगळं त्या ३,५०० किलोंत बसवायचं. शंभर लिटर पाणी भरलं की शंभर किलो तिथंच गेले. शिवाय नुसतं एकूण वजन बघून भागत नाही, दोन्ही आसांचं (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दांड्यांचं) वेगवेगळं बघावं लागतं. मागच्या चाकांच्याही पलीकडे टांगलेलं ओझं मागच्या आसावर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पडतं, कारण ते पुढची बाजू उचलू पाहतं. आम्हाला मागं सायकलींचा रॅक लावायचा होता. काट्यावरचा मागच्या आसाचा आकडा पाहिला आणि तो बेत रद्द केला.

शनिवार: मिडलंड्स ते मॉफट

एम६ मोटरवेवर लागताच पहिली गोष्ट कानांना कळली, ती म्हणजे आवाज. कॅराव्हॅनमधली भांडी मागं वाजत असतील तर वाजोत, आपल्याला ऐकू यायची नाहीत. मोटरहोममध्ये स्वयंपाकघर आपल्या पाठीशीच असतं. ग्रिलची जाळी अशी खडखडायला लागली की पहिल्याच सर्व्हिसेसला (मोटरवेवरच्या थांब्याला) थांबून तिच्याभोवती टॉवेल गुंडाळला. पेल्यांमध्ये मोजे घातले, चमच्यांच्या खणात पुसणं कोंबलं. त्यानंतर शांतता झाली.

कार आणि कॅराव्हॅनला मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा असते, आणि तीन किंवा जास्त लेनच्या रस्त्यावर अगदी उजवीकडच्या लेनमध्ये जायला बंदी. मोटरहोमला मोटरवेवर ७० ची मुभा आहे. मी साठच्या आसपासच चालवत होते, कारण एवढ्या उंच गाडीला वेग वाढला की डिझेल फार लागतं. खरा फरक शॅपच्या चढावर जाणवला. तिथं एम६ समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर चढतो आणि वारा आडवा येतो. कॅराव्हॅन असताना शेजारून मोठा ट्रक गेला की आधी ती आत खेचली जाई, मग बाहेर ढकलली जाई. ती सापासारखी डोलायला लागेल का, या विचारानं ह्यांचे खांदे कानांपर्यंत आलेले असत. डोलणं रोखणारा स्टॅबिलायझर होता, वजन नीट लावलेलं होतं, तरी ती धास्ती गेली नाही. मोटरहोमलाही वारा ढकलतो, स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं, पण मागं वेगळं डोलायला काही नसतं. हे शेजारी बसून सफरचंद कापत होते. शॅपवर त्यांना असं निवांत मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी मॉफटला पोचलो. साइटवर, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या जागी, गाडी लावली, पुढची चाकं दोन उतरत्या ठोकळ्यांवर चढवून सपाट केली, विजेची वायर जोडली, गॅस उघडला. संपलं. मग गावात चालत गेलो. चौकातल्या कारंज्यावर १८७५ सालचा ब्राँझचा मेंढा उभा आहे, आणि त्याला कान नाहीत. मेंढीच्या लोकरीवर वाढलेलं हे गाव, तरी त्या कानांविना त्याला तसंच जपतं, हे मला फार आवडलं.

रविवार: मॉफट ते टाइनड्रम

सकाळी निघताना एक गोष्ट चुकल्यासारखी वाटली. कॅराव्हॅन जोडली की मी मागं उभी राहायची आणि हे पुढून दिवे लावायचे: डावा, उजवा, ब्रेक. मी हात वर करून "ठीक" म्हणायची. त्या दोन मिनिटांत दिवसाची सुरुवात व्हायची. आता तपासायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: छपराच्या खिडक्या बंद, फ्रिजचं दार अडकवलेलं, पायरी आत, वायर काढलेली, गॅस बंद. त्या एकट्या माणसालाही करता येतात. आम्ही तरी ठरवून टाकलं, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं हात लावून बघायचं.

ग्लासगोच्या बाजूनं, अर्स्किन पुलावरून ए८२ रस्त्याला लागलो. लॉख लोमंड या तळ्याच्या काठानं टार्बेटपासून इन्व्हरार्ननपर्यंतचा रस्ता अरुंद आहे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा आणि त्यापलीकडे पाणी. समोरून बस आली की आरसे वाचवणं एवढंच काम. इथं मोटरहोममुळं काही सोपं झालं असं मी म्हणणार नाही. रुंदी कॅराव्हॅनएवढीच आहे. फरक एवढाच की ती सगळी रुंदी माझ्या डोळ्यांसमोर आहे, मागं काय घासतंय याचा अंदाज बांधावा लागत नाही.

पण इन्व्हरुग्लसला जे झालं त्यासाठी मी हा सगळा खटाटोप पुन्हा करेन. तिथं पाण्याकाठी मोठी पार्किंगची जागा आहे. रस्त्यापलीकडे १९५० साली सुरू झालेलं लॉख स्लॉयचं जलविद्युत केंद्र, डोंगरावरून खाली येणारे त्याचे जाडजूड पाइप. या रस्त्यानं आम्ही आधीही गेलो होतो, पण कार आणि कॅराव्हॅन मिळून बारा मीटरची लांबी घेऊन अशा ठिकाणी वळायचं म्हणजे आत गेल्यावर बाहेर पडता येईल का हा प्रश्न. म्हणून प्रत्येक वेळी "पुढं बघू" म्हणत सोडून दिलं. या वेळी मी आत वळले, गाडी लावली, उठले, तीन पावलं मागं गेले आणि चहाचं आधण ठेवलं. चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणसांनी बसायचं नाही असा इथला कायदा आहे, त्यामुळं प्रवास आणि मुक्काम या कायम दोन वेगळ्या गोष्टी होत्या: आधी पोचायचं, मग सुट्टी सुरू. लॉख लोमंडच्या काठावर आलं घातलेला चहा पिताना सुट्टी आधीच सुरू झालेली होती. पाणी राखाडी होतं, समोर बेन लोमंडच्या बाजूला ढग. आम्ही तासभर तिथंच.

तिथंच रात्र काढायचा मोह झाला. तसं करू नये. या राष्ट्रीय उद्यानात मार्च ते सप्टेंबर काठालगतच्या ठरावीक पट्ट्यांत मुक्कामाला परवाना लागतो. आणि स्कॉटलंडमध्ये कुठंही राहायचा हक्क आहे असं जे सर्रास सांगितलं जातं, ते तंबू घेऊन पायी फिरणाऱ्यांबद्दल आहे. २००३ च्या कायद्यातला तो हक्क मोटारगाड्यांना लागू नाही. हे माहीत असूनही रस्त्याकडेला राहून सांडपाणी गवतात सोडणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळं गावागावांत मोटरहोमकडे रागानं बघितलं जातं. मला तो राग रास्त वाटतो.

टाइनड्रम एवढंसं गाव, पण रेल्वेची स्टेशनं दोन. वेस्ट हायलंड वे ही ९६ मैलांची पायवाट इथून जाते, त्यामुळं साइटवर चिखलानं माखलेले बूट ओळीनं वाळत होते.

सोमवार: रॅनख मूर, ग्लेन्को, बॅनव्ही

रॅनख मूरच्या माळावर ऊन होतं आणि ग्लेन्कोत शिरताच पाऊस. १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे, ज्यांच्या घरी पाहुणचार घेतला त्याच मॅकडॉनल्ड कुळातल्या लोकांची सैनिकांनी इथं कत्तल केली. त्या दरीत पाऊसच शोभतो. पहिल्या दोन पार्किंगच्या जागा भरलेल्या होत्या, तिसऱ्या ठिकाणी एक जागा मिळाली.

फोर्ट विल्यमजवळ बॅनव्हीला मुक्काम. ही जागा मी मुद्दाम निवडली होती. कॅराव्हॅनमध्ये सवय अशी की आठवडाभर एका साइटवर तळ टाकायचा, कार सोडवून घ्यायची आणि रोज वेगळ्या दिशेला जायचं. मोटरहोममध्ये दुधासाठी जायचं म्हटलं तरी वायर काढा, ठोकळ्यांवरून उतरा, कपबशा आत ठेवा. ही मोटरहोमची सर्वांत मोठी उणीव आहे. तिच्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: साइट निवडतानाच स्टेशन, बसथांबा आणि दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आहे का ते बघायचं. सामानही येतानाच घ्यायचं. बॅनव्हीला रेल्वे स्टेशन आहे, आणि शेजारीच कॅलेडोनियन कालव्याची नेपच्यूनची पायरी. थॉमस टेलफर्डच्या या कालव्यात इथं आठ लॉक (पाणी भरून बोट वर चढवणारे दारांमधले कप्पे) एकामागून एक आहेत, १८२२ पासून चालू. बोट जवळजवळ वीस मीटर वर चढते. एका शिडाच्या बोटीबरोबर आम्ही काठाकाठानं पूर्ण चढ चाललो.

संध्याकाळी शेजारच्या कॅराव्हॅनमधले गृहस्थ गाडी बघायला आले. त्यांनाही बदलायचं होतं. मी विचारलं, एका ठिकाणी किती दिवस राहता? म्हणाले, दोन आठवडे, नातवंडं येतात, तंबू लावतो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, मग बदलू नका. मोटरहोमला त्यांच्या कॅराव्हॅनच्या कितीतरी पट पैसे पडतात. कॅराव्हॅनला रोड टॅक्स नाही, एमओटी म्हणजे गाडीची सक्तीची तपासणीही नाही. मोटरहोमला इंजिन आलं म्हणजे टॅक्स, विमा, तीन वर्षांनंतर दरवर्षी एमओटी, आणि घराच्या भागाची ओल आणि गॅसची वार्षिक तपासणी वेगळी. एका जागी राहणाऱ्याला कॅराव्हॅनमध्ये जागा जास्त मिळते आणि मोकळी कारही. रोज हलणाऱ्यानंच हा खर्च करावा.

मंगळवार: रेल्वेनं मॅलेग

गाडी जागेवर ठेवली आणि चालत जाऊन मॅलेगची रेल्वेगाडी पकडली. १९०१ साली सुरू झालेली ही लाइन. ग्लेनफिननचा २१ कमानींचा पूल काँक्रीटचा आहे, रुळांना वळण आहे, त्यामुळं खिडकीतून आपल्याच गाडीचे पुढचे डबे कमानींवरून जाताना दिसतात. खाली रस्त्यावर पार्किंगसाठी गाड्यांची रांग होती. कॅराव्हॅनच्या दिवसांत आम्हीही त्याच रांगेत असतो. अरिसेगनंतर समुद्र, पांढरी वाळू, समोर एग आणि रम ही बेटं. दोघांनीही खिडकीबाहेर बघितलं. एरवी एकाला रस्ता बघावा लागतो.

बुधवार: ग्लेन शील, आयलन डोनन, लॉखकॅरन

दिवसभर मुसळधार. आयलन डोनन किल्ल्यासमोर आलो तेव्हा बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. १७१९ साली आरमारानं उडवून दिलेला हा किल्ला विसाव्या शतकात पुन्हा बांधला. तो आम्ही पोहे खात पाहिला. ड्रायव्हरची आणि शेजारची सीट फिरवून टेबलाकडे केली, पडदे उघडे ठेवले आणि अडीच तास पाण्यावरचा पाऊस बघितला. कॅराव्हॅन असती तर कारमधून उतरून, मागं पळत जाऊन, कुलूप उघडून ओल्या कपड्यांनी आत शिरावं लागलं असतं. आम्ही शिरलोच नसतो.

लॉखकॅरनच्या वाटेवर स्ट्रोमफेरीची पाटी लागते: गावाच्या नावाखाली लिहिलंय की इथं फेरी नाही. लॉखकॅरनला टाक्या रिकाम्या केल्या. सांडपाण्याची टाकी गाडी जाळीवर उभी करून खालचा नळ उघडला की मोकळी होते. टॉयलेटची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) मात्र पूर्वीसारखीच हातानं ओढत न्यावी लागते. ते काम हे करतात, पाठीला जपून, अर्धीच भरलेली असताना.

गुरुवार: अ‍ॅपलक्रॉस

टोर्नाप्रेसला तो प्रसिद्ध फाटा आला. ब्यालख ना बा: ६२६ मीटर उंचीची खिंड, पाचास एक चढ, हेअरपिन वळणं. पाटीवर स्वच्छ लिहिलंय की शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅराव्हॅन यांनी पहिल्या मैलानंतर जाऊ नये. आमची सहा मीटरची गाडी "फार मोठी" की नाही यावर वाद घालता येईल. पुष्कळ मोटरहोमवाले तो घालतात आणि वर जातात. मी तशीच पुढं शील्डेगकडे गेले. चढायची ताकद गाडीत आहे, मला भीतीही नव्हती. पण वरच्या वळणावर समोरून दुसरं मोटरहोम आलं की दोघांच्या मागं अख्ख्या गावाची वाहतूक अडते, त्यात डॉक्टरकडे निघालेलं कुणीतरी असतं. शील्डेगहून किनाऱ्यानं जाणारा लांबचा रस्ता आहे, तो घ्यावा.

तोही एकपदरीच. पासिंग प्लेस आपल्या डाव्या हाताला असेल तर आत घ्यायचं, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर थांबायचं. मागं कुणी घाईत असेल तर त्यालाही वाट द्यायची, आणि तिथं फोटोसाठी गाडी लावायची नाही. एका उंचवट्यावर समोरून पोस्टाची व्हॅन आली आणि जवळची जागा माझ्या मागं होती. मी रिव्हर्स घेतला, आरशात बघत, सावकाश, शंभरेक पावलं. कॅराव्हॅन उलटी नेताना स्टिअरिंग उलट फिरवावं लागतं, आणि ते मला कधी जमवायचंच नव्हतं. इथं गाडी सांगितल्या दिशेला जाते. फक्त मागच्या चाकांपलीकडचा लांब भाग वळताना बाहेर झुकतो, त्याच्याकडे लक्ष हवं. पोस्टमननं हात उंचावला. मी दिवसभर खूष होते.

अ‍ॅपलक्रॉसचा उपसागर शांत आहे. संत मेलरूबानं ६७३ साली इथं मठ वसवला, आणि त्याच्या परिसरात आलेल्याला अभय असे. समोर रासे आणि स्काय. आम्ही ओहोटीच्या वाळूवर अंधार पडेपर्यंत चाललो.

शुक्रवार: टॉरिडन, इनव्हर्नेस

लियाखचा काळा कडा थेट रस्त्यावर उभा. त्यापुढचा बेन एय हा ब्रिटनमधला पहिला राष्ट्रीय निसर्ग राखीव प्रदेश, १९५१ सालचा. तिथल्या जुन्या पाइनच्या जंगलात थोडं चढलो. इनव्हर्नेसमध्ये शिरताना मात्र डोळ्यांत तेल घालावं लागतं. आमची उंची २.९ मीटर, आणि शहरातल्या कितीतरी पार्किंगवर त्याहून खाली आडवा दांडा. उंचीचा आकडा आम्ही डॅशबोर्डवर चिकटवून ठेवलाय.

शनिवार, रविवार: परत

ए९ वर इनव्हर्नेसपासून डनब्लेनपर्यंत सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. इथं एक बारकावा: मोटरहोमचं रिकामं वजन ३.०५ टनांच्या आत असेल तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६० ची मर्यादा, त्याहून जास्त असेल तर ५०. इथं ३,५०० किलोचा कमाल आकडा कामाचा नाही, रिकाम्या गाडीचा लागतो, तो कागदपत्रांत बघून ठेवा. ड्रमॉक्टरच्या खिंडीनंतर हे चालवायला बसले आणि मी झोपले.

घरी आल्यावर टाक्या सोडल्या, फ्रिजचं दार उघडं ठेवलं, गाद्या उभ्या केल्या. ऑक्टोबरसाठी नॉर्थम्बरलँडला सीहाउसेसची साइट घेतलीय. फार्न बेटांच्या बोटी सुटतात तो धक्का तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, बॅम्बरोच्या किल्ल्याला बस जाते, आणि त्या दिवसांत सीलची पिल्लं जन्मू लागलेली असतात.